माशांचं पथ्यपाणी

ज्या तीन टाक्यांत अंडी पडायला नको होती, नेमकी त्याच तीन टाक्यांत ती पडली. आणि तीही इतकी, की मोजता मोजता ताईंचा चष्मा दोनदा पाण्यात पडला.

समुद्र संशोधन केंद्राच्या मागच्या शेडमध्ये एकूण सहा टाक्या होत्या. पहिल्या तीन साध्या समुद्राच्या पाण्याच्या, पुढच्या तीन आंबट. आंबट म्हणजे चवीला नव्हे. जगभरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्र मुकाट्याने पीत आला आहे आणि त्यामुळे त्याचे पाणी हळूहळू आम्लाकडे झुकते आहे. ते पुढे जितके झुकेल असा अंदाज आहे, तितके ताईंनी या तीन टाक्यांत तोच वायू सोडून आजच झुकवले होते. सगळ्या टाक्यांत खडकांच्या कपारींतून धरून आणलेले बोटभर मासे होते. प्रश्न एकच होता, की उद्याच्या पाण्यात यांना पोरंबाळं होतील का.

उत्तर केंद्राच्या संचालकांना आधीच माहीत होते. प्रयोग संपायची वाट बघत बसण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसे. निधी देणारी समिती तीन दिवसांनी पाहणीला येणार होती, तिच्यासाठी त्यांनी फाटकावर मोठा बोर्ड रंगवून घेतला होता: 'समुद्र आंबला, पाळणा थांबला'. यमक त्यांचे स्वतःचे होते. ताईंची नेमणूक तीन वर्षांच्या कराराची, ती याच महिन्यात संपत होती, आणि मुदत वाढवायची की शेडला कुलूप लावायचे हे ही समितीच ठरवणार होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा अर्ज घेऊन दारोदार फिरायचे, या विचाराने ताईंची झोप उडाली होती.

"साहेब, आंबट टाक्यांत दुप्पट अंडी आहेत," ताईंनी जाऊन सांगितले.

"दुप्पट म्हणजे कमी?"

"दुप्पट म्हणजे जास्त, साहेब."

"पुन्हा मोजा."

"चारदा मोजली."

"मग इतक्यांदा कशाला मोजत बसता? बोर्ड रंगवून झालाय, ताई." संचालकांनी डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा विचार करत आहेत असे समजायची केंद्रात पद्धत होती. मग ते एकदम ताजेतवाने झाले. "'थांबला' खोडून 'हलला' करता येईल. समुद्र आंबला, पाळणा हलला. पेंटरला अर्ध्या तासाचं काम आहे."

"पण का हलला ते कळायला नको का?"

"ते तुम्ही बघा. हलला हे मी बघतो."

आणि त्यांनी बघितले. त्यांचा एक वर्गमित्र वर्तमानपत्रात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर बातमी झाली: 'प्रदूषणामुळे माशांच्या घरी आनंदीआनंद'. दुपारपर्यंत किनाऱ्यावरच्या एका रसायन कारखान्याच्या व्यवस्थापकांकडून भलामोठा पुष्पगुच्छ आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'या कार्यात आमचाही खारीचा वाटा.' पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे न कळून कुणीतरी तो चौथ्या टाकीच्या झाकणावर ठेवला. तो बघून ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. आपले काम जगासमोर जावे असे तीन वर्षे त्यांना वाटत होते, पण ते असे नव्हे.

त्या दुपारी जेवण न करता त्या शेडमध्ये स्टूल टाकून बसल्या. पाण्याचे तापमान बरोबर होते. उजेड बरोबर होता. वायूच्या नळ्या चालू होत्या. आंबट टाक्यांतले मासे अंमळ सुस्त होते, पण नळीच्या आडोशाला चिकटवलेल्या अंड्यांवर पंख हलवत, नव्या बापाच्या तोऱ्यात बसले होते. शेडमध्ये ताईंखेरीज फक्त टाकीमामा होते. टाक्या घासणे, गाळण्या धुणे आणि रोज सकाळी मोजून दिलेले खाद्य घालणे हे त्यांचे अठरा वर्षांचे काम, म्हणून ते टाकीमामा.

दोन वाजता मामांच्या खिशातल्या फोनचा गजर वाजला. मामांनी खराटा खाली ठेवला, हात धुतले, वरच्या खिशातून एक बिस्किट काढून सावकाश खाल्ले. मग खाद्याचा डबा काढला आणि चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या टाकीत एकेक चिमूट टाकली.

ताई स्टुलावरून उठल्या. "मामा, हे काय चाललंय?"

"पथ्य."

"कुणाचं?"

"बिस्किट माझं, बाकीचं ह्यांचं."

"सकाळी घातलंत ना सगळ्यांना?"

"ते सगळ्यांचं हो. हे ॲसिडिटीवाल्यांचं."

ताई टाकीजवळ आल्या. "ॲसिडिटीवाले कोण?"

मामांनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिले. "तुम्हीच नव्हतं का सांगितलं? ह्या तीन टाक्या वेगळ्या कशाला, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ह्यांना ॲसिडिटी आहे मामा, जरा लक्ष ठेवा."

म्हणाल्या होत्या. नऊ आठवड्यांपूर्वी, कानाला फोन आणि काखेत फाइल असताना. लक्ष ठेवा म्हणजे नळ्यांच्या काट्यावर, असे त्यांना म्हणायचे होते. ते म्हणायचे तेवढे राहिले होते.

"मला स्वतःला बावीस वर्षं आहे," मामा सांगू लागले. "डॉक्टर एकच गोष्ट सांगतात. पोट रिकामं ठेवायचं नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. औषधाचंही मनात होतं माझ्या, ती गुलाबी बाटली असते ना. पण माशाला चमचा कसा लावणार?"

"नाही ना घातलंत?" ताईंचा आवाज चिरकला.

"तुम्हाला न विचारता औषध देईन का मी? खाण्याचं वेगळं."

"आणि रविवारी?"

"रविवारीही येतो. आजारी माणूस रविवारी बरा असतो का?"

"मग पहिल्या तीन टाक्यांना का नाही घातलंत, मामा? सगळ्यांना घातलं असतंत तरी चाललं असतं हो."

"त्यांना काय धाड भरलीय?" मामा म्हणाले.

ताईंना त्यांच्या गळ्यात पडावेसे वाटले आणि त्यांचा गळा धरावासाही वाटला. नऊ आठवडे. नऊ आठवडे हे मासे दिवसभर चरत होते, अंगाला लागलेले सगळे अंड्यांत ओतत होते, आणि आपण पाण्याची आम्लता दोन दशांश स्थळांपर्यंत मोजत बसलो. त्या तशाच तडक संचालकांकडे गेल्या.

संचालकांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लावले. "हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"फक्त तुम्हाला."

"झालं तर मग. तुम्ही, मी आणि मासे."

"आणि मामा."

"मामांना उद्यापासून दोन दिवस रजा देतो. परवा तुम्ही फक्त दोन आकडे वाचायचे. साध्यात इतकी अंडी, आंबटात इतकी."

"ते खोटं होईल, साहेब."

"खोटं कुठे? अंडी आहेतच की. का आहेत असं कुणी विचारलंच, तर म्हणायचं अभ्यास चालू आहे. अभ्यास कधी बंद असतो का?" मग ते मऊ आवाजात म्हणाले, "ताई, पोटावर पाय तुमच्याच येणार आहे. माझी नोकरी पक्की आहे."

हे मात्र शंभर टक्के खरे होते. ताई घरी गेल्या आणि दोन आकडे असलेला कागद तयार केला. मग तो फाडला. मग पुन्हा तयार केला.

समितीत पाच जण होते. त्यांतल्या चौघांनी आधी चहा घेतला आणि पाचवीने आधी टाकीत बोट बुडवले. ती अध्यक्षबाई, काडीसारखी बारीक आणि पांढऱ्या केसांची. ताईंनी कागद उघडला, दोन आकडे वाचले. संचालकांनी समाधानाने मान हलवली. ताईंनी कागद मिटला.

"ही जास्तीची अंडी पाण्यामुळे आली असं मला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आंबट टाक्यांना नऊ आठवडे जास्त खाणं मिळत होतं. मला परवा कळलं, पण ते माझ्या बोलण्यामुळे झालं. चूक माझी आहे." आणि त्यांनी ॲसिडिटीसकट सगळे सांगून टाकले. संचालक छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

"त्यांना बोलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बोलवायला लांब जावे लागले नाही. मामा गाळणी धूत होते. "तुम्ही रजेवर आहात ना?" संचालकांनी दात आवळून विचारले.

"मी आहे," मामा म्हणाले. "मासे कुठं रजेवर आहेत?"

अध्यक्षबाईंनी विचारले, "दर वेळी किती घालायचात?"

"एक चिमूट. हीच, ह्याच बोटांची."

"कधी घातलं, कधी राहिलं, काही आठवतंय का?"

"आठवायला कशाला हवं?" मामांनी पिशवीतून चौपदरी घडी घातलेले कॅलेंडर काढले. "मी घेतलं की एक खूण, त्यांना घातलं की दुसरी. डॉक्टर महिन्याला बघतात." नऊ आठवड्यांत एकही खूण चुकली नव्हती. केंद्राच्या स्वतःच्या तापमानाच्या वहीत मात्र चार पाने कोरी होती, हे त्या दिवशी पहिल्यांदाच उघड झाले.

अध्यक्षबाईंनी ते कॅलेंडर बराच वेळ वाचले. "खुल्या समुद्रातही असंच कोडं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "समुद्राच्या तळातून हा वायू वर येतो अशा जागा आहेत. तिथलं पाणी आंबट, पण कुठेकुठे शेवाळ माजतं, खायला भरपूर मिळतं, आणि मासे वाढलेले दिसतात. ते पाण्यामुळे की भरल्या पोटामुळे, यावर आम्ही कागदावर भांडत असतो. तुमच्या मामांनी ते भांडण टाकीत आणलंय, फक्त अर्धवट. आंबट पाणी आणि बेताचं खाणं, साधं पाणी आणि भरपूर खाणं, हे दोन्ही राहिलंय. ते पूर्ण करा."

"मूळ कल्पना तशी संस्थेचीच होती," संचालक पंख्यावरून खाली येत म्हणाले.

"फाटकावरचा बोर्डही संस्थेचाच ना? तो उतरवा."

"त्यावर आता काय लिहू?"

"काही कळलं की लिहा."

आठ दिवसांनी पत्र आले. पहिल्या परिच्छेदात ताईंची मुदत दोन वर्षांनी वाढवली होती. तो वाचून ताई खुर्चीत बसल्या आणि खरेच रडल्या. दुसरा परिच्छेद त्यांनी डोळे पुसल्यावर वाचला. 'मासे सांभाळण्याच्या कामी टाकीमामांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल समिती त्यांची ऋणी आहे. मात्र हीच निष्ठा लक्षात घेता, यापुढे त्यांना टाक्यांच्या शेडमध्ये प्रवेश नसावा. त्यांची नेमणूक फाटकाजवळच्या खोलीत करावी.'

हे मामांना कसे सांगायचे याचा विचार करत त्या शेडकडे गेल्या, तर मामा आपला खराटा आणि कॅलेंडर पिशवीत भरत होते. साहेबांनी सकाळीच सांगितले होते.

"मी बोलते समितीशी," ताई म्हणाल्या. "हे बरोबर नाही, मामा."

"बरोबर आहे त्यांचं. मला नाही जमणार. समोर कुणी उपाशी दिसलं की माझा हात जातोच." त्यांनी खाद्याचा डबा ताईंच्या हातात दिला. "तुमचं काम राहिलं ना, मग झालं. फक्त एक बघा. पाचव्या टाकीत शेपटीला चट्टा असलेला एक आहे, तो लाजरा आहे. सगळ्यांचं खाऊन झालं की मग पुढं येतो. दुपारचं घालाल तेव्हा त्याच्यासाठी शेवटची चिमूट राखून ठेवत जा. बघाल ना?"

कुठल्या टाकीला भरपूर खाणे आणि कुठल्या टाकीला बेताचे, याच्या चिठ्ठ्या ताईंनी त्याच सकाळी उचलल्या होत्या. पाचवी टाकी बेताच्या खाण्यात निघाली होती. तिला दुपारचे काहीही मिळणार नव्हते, दोन वर्षे.

"बघेन की, मामा," ताई म्हणाल्या. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून भरल्या समितीसमोर ज्यांच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नव्हता, त्यांनी हे इतक्या सहज सांगितले, की मामा समाधानाने फाटकाकडे चालायला लागले.