बाबा वाफ घेतायत

चैत्राली मोघेने आयुष्यात एकही वस्तू वाचल्याशिवाय विकत घेतली नव्हती. गादी घेण्याआधी तिने मणक्यावरचं एक अख्खं पुस्तक संपवलं होतं. अमेरिकेत ईडन प्रेरीला घर घेताना तळघरात पाणी कसं शिरतं यावर ती महिनाभर वाचत होती. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हा अस्थिकलशसुद्धा तिने लोकांची मतं वाचून निवडला. त्यात एकाने 'झाकण घट्ट बसतं, पुन्हा नक्की घेईन' असं लिहिलेलं वाचून ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकटीच हसली होती. रडायला तिला अजून सवड मिळाली नव्हती.

तेव्हा बाबांसाठी एक साधा वेप, ती वाफेची इलेक्ट्रॉनिक सिगरेट, निवडणं म्हणजे एका सकाळचं काम, असं तिने ठरवलं.

बाबा म्हणजे एकनाथ मोघे. वय चौऱ्याहत्तर, त्यातली चाळीसेक वर्षं सिगरेटबरोबर गेलेली. आई गेल्यापासून सिगरेटी दुपटीने वाढल्या होत्या. जानेवारीच्या थंडीत ते कानटोपी घालून गॅरेजमध्ये उभे राहायचे आणि आत येऊन सांगायचे, गाडीच्या चाकातली हवा बघत होतो. गाडीच्या चाकांची इतकी काळजी अख्ख्या मिनेसोटात कुणी घेत नसेल. चैत्रालीचं एक माणूस गेलं होतं. दुसरं ती कुणाला देणार नव्हती. देवाला नाही, नशिबाला नाही आणि तंबाखूवाल्यांना तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी आधी दंडावर लावायची पट्टी दिली. तिने खाज सुटली. मग निकोटिनचं च्युइंगम दिलं. ते कवळीला असं चिकटलं की थुंकताना दोन्ही एकदम बाहेर आलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, वेप काही चांगला नाही, पण सिगरेटपेक्षा कमी वाईट आहे. सिगरेट पूर्ण सुटणार असेल तर बघा, आणि मग तोही कमी करत आणा.

बाबा तयार झाले, पण कुणाला कळता कामा नये या अटीवर. कारण हेच एकनाथ मोघे दर रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठांना प्राणायाम शिकवायचे. सोडताय हे चांगलंच आहे, त्यात लपवायचं काय, असं चैत्रालीने विचारलं.

"अगं, सोडतोय म्हटलं की ओढत होतो हे आलंच ना!"

दुकानात ट्रेसी नावाची बाई काउंटरवर होती. तिने आधी बाबांचं वय तपासायला आयडी मागितलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी पासपोर्टही दाखवला. मग ट्रेसीने एकेक नमुने काढले. एकाला गाडीच्या डॅशबोर्डसारखा पडदा होता आणि त्यावर गेम खेळता येत होता. दुसरा विजेरीएवढा जाड होता आणि त्यात किती वॉट हवेत ते आपणच ठरवायचं होतं. बाबा निवृत्त वीज अभियंता. ते वॉटमध्ये रमायला लागले, तेव्हा चैत्रालीने तो घाईघाईने बाजूला सारला. आंबा, टरबूज, बबलगम असल्या चवींबद्दल बाबांचं मत स्पष्ट होतं: आंबा खायचा असतो. शेवटी ट्रेसीने पेनएवढी एक काळी पट्टी समोर ठेवली. तंबाखूची चव, भरलेली कुपी खटकन बसवायची, नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा.

"याला बटण कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"बटण नाहीये. ओढलं की चालू होतो."

"मग बंद कसा करायचा?"

"ओढायचं थांबवायचं."

"ते जमत नाही म्हणून तर इथे आलोय ना!"

हे ते मराठीत बोलले, म्हणून ट्रेसीने काय म्हणाले असं विचारलं. चैत्रालीने भाषांतर केलं. ट्रेसी इतकी हसली की तिने चार्जरची वायर फुकट दिली.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. घोळ झाला तो एका शब्दामुळे, आणि तो शब्द चैत्रालीनेच काढला.

सुलभाकाकू आईच्या मैत्रीण. आई गेल्यापासून रोज फोन करायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, एकनाथराव काय करतायत? एकनाथराव बाथरूममध्ये, एक्झॉस्ट फॅन लावून, नवीन खेळणं चालवून बघत होते. चैत्रालीला खोटं बोलणं जमत नसे आणि खरं बोलायला बंदी होती. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बाबा वाफ घेतायत."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शब्दही अस्सल मराठी, आणि खोटेपणा तसूभर नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, सर्दी कशी आहे? बाबा पुन्हा बाथरूममध्ये होते. चैत्रालीने पुन्हा तेच सांगितलं. काकू म्हणाल्या, निलगिरी टाकता की ओवा? चैत्राली म्हणाली, तयार कुपी मिळते. दिवसातून कितीदा? लागेल तेव्हा. डॉक्टरांना माहीत आहे का? माहीत आहे, त्यांनी एकदम बंद करू नका म्हणून सांगितलंय.

मग काकूंनी आवाज खाली आणला. "छातीचं काही आहे का गं? किती दिवसांचं?"

"दिवसांचं नाही, काकू. चाळीस वर्षांचं आहे," चैत्राली म्हणाली. दमलेल्या माणसाच्या तोंडून खरं असंच निसटतं.

त्या रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकनाथरावांच्या फुप्फुसात पाणी झालं. सकाळी ते दोन्ही फुप्फुसांत झालं. दुपारपर्यंत एकनाथराव घरीच ऑक्सिजनवर होते, आणि आईचं दुःख अजून ताजं असताना ही पोर एकटी सगळं सोसतेय, कुणाला सांगतही नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चैत्रालीने हा ग्रुप आई गेली त्या आठवड्यात म्यूट केला होता. त्यामुळे तिला काहीच कळलं नाही.

संध्याकाळी दारात सुलभाकाकू उभ्या होत्या. एका हातात वाफ घ्यायचं मशीन, दुसऱ्या हातात काढ्याचा थर्मास. त्यांच्या मागे डॉक्टर रत्ना. छातीच्या विकारांच्या निवृत्त डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप आणि चेहऱ्यावर तीस वर्षांची प्रॅक्टिस.

बाबांनी खिडकीतून गाडी पाहिली होती. ते बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावली. घाबरलं की माणूस काय करतो? ज्याची सवय असते ते करतो. कुठल्याही नवशिक्याने एका बैठकीत ओढू नये इतकं त्यांनी ओढलं. गडबडीत एक्झॉस्ट फॅन लावायचा राहून गेला. दाराच्या फटीतून पांढरा पट्टा बाहेर आला, वर चढला, आणि पॅसेजमधला स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

काकूंनी मशीन खाली ठेवलं आणि दारावर धक्के मारले. त्यांना वाटलं, आत पाणी आटून भांडं पेटलं. चैत्राली खुर्ची ओढून तिच्यावर चढली आणि झाडूच्या दांड्याने अलार्मचं बटण शोधू लागली. डॉक्टर रत्ना तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा बाहेर आले. बाहेरचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण वाफ घेताना घेतात तसा डोक्यावरून मोठा टॉवेल त्यांनी ओढून घेतला होता. टॉवेलच्या खालून धूर येत होता. लग्नातल्या नवरीसारखे ते खाली मान घालून उभे राहिले.

"पाण्याचं भांडं कुठंय?" डॉक्टर रत्नांनी विचारलं.

बाबा टॉवेलच्या आतून म्हणाले, संपलं.

अलार्म अजून वाजत होता. चैत्राली खुर्चीवर, झाडू हातात. वर्षभरात तिचा आवाज घरातल्या भिंतींनीसुद्धा चढलेला ऐकला नव्हता. तो आता चढला.

"ती वाफ नाहीये, काकू, वेप आहे! बाबा सिगरेट ओढतात. ती सुटावी म्हणून मी आणलाय, मी निवडलाय. आईसाठी मी जगातलं सगळं वाचलं आणि एक अक्षर उपयोगी पडलं नाही. हे उपयोगी पडणार असेल तर उद्या मी यांना आगगाडीचं इंजिन आणून देईन. मंडळात कुणाला काही वाटून घ्यायचं असेल, तर इथे येऊन माझ्यासमोर वाटून घ्या!"

शेवटच्या शब्दाला दांडा बटणावर बसला आणि अलार्म थांबला. त्या शांततेत चैत्रालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. पुसायला झाडू खाली ठेवावा लागला असता.

ती भांडायला तयार होती. पण समोर भांडायला कुणी नव्हतं.

"अगं, ते आम्हाला माहितीये," सुलभाकाकू म्हणाल्या. "प्राणायामाला एकनाथराव समोर बसून श्वास सोडायचे ना. म्हणून पहिल्या रांगेत कुणी बसायचं नाही. तुझी आई, सरला, तेवढी बसायची, एकटी. रांग रिकामी दिसू नये म्हणून."

टॉवेल खाली आला. बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

"मला वाटायचं, आदरानं मागे बसतात," ते म्हणाले.

डॉक्टर रत्नांनी बाबांना खुर्चीवर बसवलं, तीच खुर्ची, चैत्रालीला खाली उतरवून. छाती तपासली, पाठ तपासली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: सिगरेट सुटली का? चैत्राली डोळे पुसत अभिमानाने म्हणाली, सुटली. बाबांनी घसा साफ केला. सुटत आलीये, म्हणाले. काल गॅरेजमध्ये एक झाली होती. थंडीमुळे अर्धीच.

चैत्रालीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी कुणी न मागता स्वेटरच्या आतून पाकीट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. थोडा वेळ त्यांचा हात तिथेच राहिला. मग ते ताठ बसले आणि वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले की आता लपवायचं काहीच उरलं नाही, तेव्हा येत्या रविवारी सगळ्यांनी पहिल्या रांगेत बसायचं. तुम्हीसुद्धा, सुलभाताई.

काकूंनी काढ्याचं झाकण उघडलं, एकदा हुंगलं, आणि बाबांकडे बघून नम्रपणे म्हणाल्या, "या रविवारी तिसऱ्या रांगेत बसते. एकदम नको. डॉक्टरच म्हणालेत ना, हळूहळू."