रिव्हॉल्व्हरचा कट्टा

रिव्हॉल्व्हर या विषयावर जानरावांशी वाद घालायची डोणगावात कोणाची टाप नव्हती. घोडा कुठे असतो, गोळी सुटल्यावर नळी का हुंगायची, सहातली शेवटची गोळी शहाण्या माणसाने का राखून ठेवायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हर त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. दिवाळीत पोरं टिकल्या फोडू लागली तरी ते ओसरीवरून उठून आत जात. पण वाचून जो जाणता झाला त्याला हातात धरायची गरज नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा मांडत.

हे ज्ञान जुन्या रहस्यकथांमधून आलेलं. पिवळी पानं, सुटलेली शिवण, मुखपृष्ठावर धूर ओकणारं रिव्हॉल्व्हर आणि त्याच्या मागे किंचाळणारी एक बाई. बाई दर पुस्तकात निराळी असे, किंकाळी तीच. त्यांच्या घरच्या कौशल्याबाई या ग्रंथसंपदेला ‘मुडद्याचे पुस्तकं’ म्हणत आणि देवघरापासून लांब ठेवत.

मोबाइलच्या जमान्यात हे कोण वाचतं, असं कोणी विचारलं की जानराव गंभीर होत. म्हणत, “बावा, या पुस्तकात गोळी फुकट सुटत नाई. एक आवाज झाला की शेवटल्या पानापर्यंत त्याचा छडा लागते. गुप्तहेर साऱ्याइले एका खोलीत बसवते अन् खरं काय ते सांगते. आपल्याले जिंदगीत कोन बसवते असं?” यावर विचारणारा मोबाइल खिशात घाली.

हा नाद त्यांना एकट्याला नव्हता. नोकरीत असताना कापूस खरेदी केंद्रावर जानराव कापसाची प्रत ठरवत आणि संग्रामपूरचा कचरू वजनकाट्यावर असे. गाड्या नसल्या की दोघं कापसाच्या गठाणीला टेकून पुस्तक वाचत. जानराव मोठ्याने वाचत आणि गोळी सुटायची वेळ आली की थांबत. मग कचरू ‘ठो’ म्हणे. तो ‘ठो’ असा की काट्यावरची चिमणी उडून जाई. अशा दोस्तीत जात आडवी आली नाही, पगार आला नाही, बायकांची मतंही आली नाहीत. आडवी आली ती कचरूची एक खोड. त्याने एखादं पुस्तक आधी वाचलेलं असलं की खुन्याचं नाव त्याच्या पोटात राहत नसे. पहिल्याच प्रकरणात तो खुनी सांगून मोकळा होई.

‘काळ्या पुलावरचा आवाज’ हे पुस्तक जानरावांनी उभं आयुष्य शोधलं होतं. कचरूने ते तरुणपणी वाचलेलं. गेल्या वर्षी मेहकरच्या एका रद्दीवाल्याकडे ते सापडलं आणि जानरावांनी आनंदाच्या भरात कचरूला फोन केला. कचरू म्हणाला, “सापडलं? अबे, त्यात त तो खून...”

“चूप!” जानराव ओरडले. “एक अक्षर बोलू नोको. आता जलमभर तोंड बंद ठेव तुहं!” आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कचरूला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, पण जीभ काही सुटेना. डॉक्टर म्हणाले, बोलू शकतील, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. कचरू छताकडे पाहत पडून राही. आपण काय बोलून फोन ठेवला होता हे जानरावांनी कौशल्याबाईंनाही सांगितलं नव्हतं. ‘काळ्या पुलावरचा आवाज’ त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

शेवटी कचरूच्या बायकोचा, जनकाबाईंचा फोन आला. “भाऊ, तुमी येऊन त्याइले ते पिस्तुलाचे पुस्तकं वाचून दाखवा. आमचं कोनाचं त ऐकून नाई राह्यले.”

जानरावांनी सगळी पुस्तकं तुरीच्या रिकाम्या कट्ट्यात भरली, तोंड सुतळीने शिवलं आणि निघाले. कट्टा म्हणजे आपलं पोतं. वऱ्हाडात कट्ट्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही आणि पडलाच तर येताना घेऊन येतो.

खामगावहून संग्रामपूरची गाडी मिळाली तेव्हा जनकाबाईंचा पुन्हा फोन आला. त्यांना जरा कमी ऐकू येतं. त्यात गाडीचा खडखडाट. जानराव सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले.

“हाव वहिनी, निघालो. कट्टा घेतला संगं... कट्टा, कट्टा! हाव, रिव्हॉल्व्हरचाच. जुना माल हाय, पन एक बी वाया गेला नाई अजून. कचरूले सांगू नोका मी येऊन राह्यलो म्हनून. आज त्याचं तोंड उघडल्याबिगर मी हालत नाई.”

पुढच्या सीटवर बँकेत नव्यानेच लागलेली साताऱ्याकडची एक मुलगी बसली होती. तिच्या गावी पोत्याला पोतं म्हणतात. कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, हे तिने बातम्यांत ऐकलेलं. तिने घाम पुसला आणि पोलिसांचा नंबर लावला. शहाण्या नागरिकाने करावं तेच तिने केलं, तिला कोणी बोल लावू नये.

संग्रामपूरच्या अलीकडे एका फाट्यावर पोलिसांची जीप आडवी उभी होती. उपनिरीक्षक समता मॅडम गाडीत चढल्या. त्याही नव्या, कोल्हापूरकडच्या. जमादार रंगराव इथलेच, पण त्यांना मॅडमनी मागच्या खिडकीखाली उभं केलं होतं, कोणी उडी मारली तर धरायला.

मॅडमनी कमरेच्या हत्यारावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, “या गाडीत कोणाकडे कट्टा आहे? खरं सांगा, कोणाला त्रास होणार नाही.”

निम्म्या गाडीने हात वर केले.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या सीटवरच्या तानुबाई म्हणाल्या, “माहे दोन हायेत बाई. एक सीटखाली, एक टपावर.”

“टपावर?”

“आत मावत नाई न.”

“माहा एकच हाय,” मागून एक पागोटेवाला म्हणाला, “पन गच्च भरेल हाय.”

“कुठे नेताय हे सगळं?” मॅडमनी तानुबाईंना विचारलं.

“लेकीकडं. जावयाले लागते. दरसाल देतो आमी, मानाचं हाय.”

मॅडम एक पायरी मागे सरल्या आणि त्यांनी रंगरावांना हाक मारली. रंगराव धावत आले, त्यांनी हात वर केलेल्या गाडीकडे पाहिलं आणि एका नजरेत ओळखलं. ते मॅडमच्या कानाशी लागून म्हणाले, “मॅडम, कट्टा म्हंजे पोतं होय. तुरीचं.”

गाडीत हसू पसरलं. ते ओसरू देऊन मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. “मग रिव्हॉल्व्हरचा कट्टा कोणाचा?”

आता सगळे हात खाली गेले. फक्त जानराव उभे राहिले, आणि सांगायला लाज वाटते, पण ते थोडे अभिमानाने उभे राहिले.

कट्टा रस्त्यावर आणला गेला. सुतळी तुटली आणि धुळीत एकामागून एक किंचाळणाऱ्या बाया पडू लागल्या. रंगरावांनी पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. तळाशी तुरीचे चार दाणे निघाले.

“हे रिव्हॉल्व्हर?” मॅडमनी विचारलं.

“हाव. तुमच्या कमरेले हाय ते रिव्हॉल्व्हर नाई बरं मॅडम,” जानरावांना राहवलं नाही. “त्याले फिरती चकरी नसते. ते पिस्तूल होय.”

“काका, गप बसा जरा,” रंगराव म्हणाले.

एवढ्यात कंडक्टरने घंटा मारली. त्याला उशीर झाला होता आणि पुस्तकांत त्याला गोडी नव्हती. गाडी निघून गेली. बँकेतली मुलगी खिडकीतून हात जोडत राहिली. जानराव पुस्तकांसकट रस्त्यावर उरले.

“आणि तोंड उघडल्याशिवाय सोडणार नाही, असं कोणाला म्हणालात?” मॅडमचा हा प्रश्न अजून बाकी होता.

मग जानरावांनी सांगितलं. कौशल्याबाईंना न सांगितलेलं त्यांनी फाट्यावर, दोन पोलिसांसमोर सांगितलं. ‘काळ्या पुलावरचा आवाज’ हातात घेऊन सांगितलं. “मीच म्हनलो त्याले तोंड बंद ठेव म्हनून. त्यानं ठेवलं.” मॅडमनी ते पुस्तक हळूच त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, “बसा जीपमध्ये.”

वाटेत मॅडमनी पुस्तक सहज उघडलं, आणि संग्रामपूर आलं तेव्हा चालकाला त्यांना हाक मारावी लागली.

दारात पोलिसांची जीप, जीपमधून उतरणारे जानराव आणि जमादाराच्या खांद्यावर पोतं, हे पाहून जनकाबाई जागीच बसल्या. “भाऊ, काय केलं हो तुमी?”

“जयभीम वहिनी. काई नाई केलं. चहा ठेवा.”

कचरू आत खाटेवर होता. जानरावांना पाहून त्याचे डोळे हलले आणि पुन्हा छताला लागले. जानराव उशाशी बसले. त्यांनी मॅडमकडे हात केला. मॅडमनी खुणेला बोट घालून, जरा नाराजीनेच, पुस्तक दिलं.

जानराव वाचू लागले. धुकं, नदी, पूल. पुलावर सावकार उभा, अलीकडे ओल्या बुटांत त्याचा दिवाणजी. मागून पावलं. पानाच्या तळाशी गोळी सुटायची वेळ आली आणि जुन्या सवयीने ते थांबले.

कचरू छताकडे पाहत होता. जानरावांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी स्वतःच ‘ठो’ म्हटलं. तो इतका पडका निघाला की त्याने डास मेला नसता. त्यांचे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात, आणि पुस्तक मांडीवर पडलं.

दाराशी उभे असलेले रंगराव खाकरले. बरीच वर्षं नोकरी झालेला माणूस, त्याला केस अर्धवट सोडवेना. ते म्हणाले, “सरळ केस हाय. दिवाणजीनं मारलं. पहिल्या पानावरच त्याचे बूट ओले हायेत.”

कचरूची मान वळली.

“दिवाणजीच,” रंगराव आणखी ठासून म्हणाले. “लेखी देतो.”

कचरूचे ओठ हलू लागले. गालाची शीर ताणली. चुकीचा माणूस फासावर चढतोय आणि आपल्याला खरं माहीत आहे, हे त्याला जन्मात कधी सहन झालं नव्हतं. घशातून घरघर निघाली, मग एक आवाज.

“ना...ई.”

जनकाबाईंच्या हातातली बशी निसटली.

“मा... मामीनं,” कचरू म्हणाला. “मामीनं मारलं. रिव्हॉल्व्हर... तांदळाच्या... कट्ट्यात.”

जानरावांनी उभं आयुष्य शोधलेलं पुस्तक तिथे पहिल्या प्रकरणातच संपलं. त्यांनी कचरूचा हात दोन्ही हातांत धरला. “पुन्हा सांग गड्या.”

“मामीनं.”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा कचरूने हे नाव वैतागून घेतलं, शेवटी ‘बे’ लावून. जनकाबाई पदराने डोळे पुसत होत्या. रंगराव छताकडे पाहत होते. आपण केस चुकवून केस सोडवली हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“मी आज ते वाचायला नेणार होते,” समता मॅडम हळूच म्हणाल्या.

“दुसरं न्या न मॅडम. हे घ्या, याची लय तारीफ हाय.” जानरावांनी कट्ट्यातून एक काढून पुढे केलं.

कचरूने मुखपृष्ठ पाहिलं. त्याचे डोळे चमकले आणि तोंड उघडलं. मॅडम पुस्तक छातीशी धरून जीपकडे पळाल्या.

“बोल कचरू,” जानराव म्हणाले, “बोल.”