निशाणी छत्री

लेकीच्या, क्षितिजाच्या लग्नाची बोलणी करायला निर्मळला निघताना, रिक्षा खाली येऊन उभी असताना, सुधाकररावांच्या शर्टाचं नेमकं पोटावरचं बटण तुटलं. दुसरा बरा शर्ट इस्त्रीला गेला होता.

आशालताबाईंनी बटणांचा डबा पालथा केला. त्यातून पत्र्याचा एक बिल्ला निघाला. वर छत्री, खाली ‘हिरामणभाऊंनाच मत’.

“हा कुठला हो?”

“एक्क्याण्णवची ग्रामपंचायत. आपण निर्मळला भाड्याने राहायचो ना, तेव्हा कुणीतरी वाटलेला. पिन शाबूत आहे. लावून टाक, वरून जाकीट घालतो.”

नवऱ्या मुलाच्या, प्रणवच्या घरी पोचले तर वीज गेलेली. दहा मिनिटांत सुधाकरराव घामाने निथळू लागले.

“काढा हो जाकीट,” प्रणवचे आजोबा म्हणाले. “घरातलेच आता तुम्ही.”

नको नको म्हणत त्यांनी ते काढलं. आजोबा बोलता बोलता थांबले, चष्मा लावून त्यांच्या पोटाशी वाकले.

“हा माझा बिल्ला,” ते म्हणाले. “हिरामण म्हणजे मीच. चौतीस वर्षं जपलात? आणि आज मुद्दाम लावून आलात?”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. आता बटणाचं सांगण्यात अर्थ नव्हता.

“म्हणजे… हो.”

“मत दिलं होतंत मला?”

तेव्हा सुधाकररावांचं नाव गावच्या मतदार यादीत चढलंसुद्धा नव्हतं. पण प्रश्न मुलीच्या लग्नाचा होता.

“तुम्हालाच,” ते म्हणाले. आशालताबाई छताकडे बघू लागल्या.

हिरामणभाऊंनी तिथल्या तिथे लग्न पक्कं केलं. मांडव आपल्याच वाडीत घालायचा म्हणाले. त्यांची बायको यशोदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

“ऐकलंस? यांनी मला मत दिलेलं. दोनच मतं पडली होती, सगळं गाव हसलं होतं. एक माझं, आणि दुसरं…” ते अडखळले. बोटं मोजली. “दुसरं यांचं. मग यशोदे, तुझं कुठं गेलं?”

यशोदाबाईंनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग नातवाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे.

“घाईत शेजारच्या निशाणीवर पडला असेल शिक्का,” त्या म्हणाल्या.

हिरामणभाऊंनी आपली खुर्ची सुधाकररावांच्या जवळ सरकवली.

कप हातात देताना यशोदाबाई हळूच पुटपुटल्या, “यादी घेऊन घरोघर मीच फिरले होते, व्याहीबुवा. तुमचं नाव नव्हतं तिच्यात.”

चहात साखर नव्हती. सुधाकररावांनी तो फक्कड झालाय म्हणत संपवला.