बेचाळीस उदयोन्मुख आणि एक बेलफळ

एका जंगलात हॉकीचं भारी वेड होतं. मुलांनो, तुम्ही म्हणाल, जनावरं हॉकी कशी खेळतील? सांगतो. करवंदीची वाकडी फांदी म्हणजे काठी. कच्चं, टणक बेलफळ म्हणजे चेंडू. आणि दोन वारुळांच्या मधली जागा म्हणजे गोल. वाळवीनं सुरुवातीला तक्रार केली होती, पण वाळवीचं कोण ऐकतं?

या जंगलात एक सिंहही होता. पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. त्याला क्रिकेट आवडायचं.

हॉकीचा सगळा कारभार एका मंडळाकडे होता आणि मंडळाच्या सचिव होत्या घोरपडबाई. घोरपड एकदा भिंतीला चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. बाई खुर्चीला चिकटल्या त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

बाई मनानं वाईट नव्हत्या हं. उलट लहान जनावरांवर त्यांचा फार जीव. एखादं पिल्लू चांगलं पळताना दिसलं, की बाईंचे डोळे भरून यायचे. त्या लगेच त्याचं नाव एका यादीत घालायच्या. त्या यादीचं नाव ‘उदयोन्मुख खेळाडू’.

उदयोन्मुख म्हणजे जो पुढं मोठा खेळाडू होणार आहे, तो. आज खेळतो, तो नव्हे. हा फरक नीट लक्षात ठेवा, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

यादीत बेचाळीस नावं होती. त्यातलं सातवं नाव होतं झिपरू मुंगसाचं.

झिपरू लाजाळू होता. चारचौघांत बोलायची वेळ आली, की त्याची शेपटी फुगायची आणि शब्द आत राहायचे. पण हातात काठी आली की तो निराळाच व्हायचा. अंगानं मुळातच जमिनीलगत, त्यामुळं चेंडू त्याला नाकासमोर दिसे. इतरांसारखं वाकावं लागत नसे. वळायचा तर असा, की समोरच्याला फक्त धूळ दिसावी.

रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी तो आईला गोलात उभी करी आणि बेलफळ मारत बसे.

“अगं आई, आडवी हो ना जरा!”

“आडवीच आहे रे मेल्या! काल बरगडीत बसलंय, अजून ठणकतंय.”

“मग शेपटीनं अडव.”

“शेपटी काय फुकट आलीय का मला?” आई म्हणायची, आणि अडवायची. तिला ठाऊक होतं, पोराला एकच गोष्ट हवी आहे. जंगलाच्या संघातून एक सामना खेळायचा आहे. खराखुरा, पंच असलेला, समोर कुणीतरी हरवायला आलेलं असलेला.

मंडळ उदयोन्मुखांची फार काळजी घेई. त्यांचं वर्षभर शिबीर चाले. रोज सकाळी प्रत्येकाला एक अंडं मिळे. जो अंडं खात नाही त्याला काकडी. महिन्यातून एकदा मीठमोहऱ्या ओवाळून सगळ्यांची दृष्ट काढली जाई. आणि दरवर्षी मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात प्रत्येकाला शाल आणि नारळ देऊन सत्कार होई. झिपरूला अशा चार शाली मिळाल्या होत्या. शाल अंगावर घातली की मुंगूस दिसेनासं होई, नुसती शालच सरपटत निघाली आहे असं वाटे. आईनं त्या बिळात अंथरल्या होत्या.

शिबिरात सगळं होतं. फक्त चेंडू नव्हता.

“चेंडू लागतो,” घोरपडबाई म्हणत. “कुणाचा गुडघा गेला तर? एवढी गुणी पोरं!”

त्यामुळं अस्वलसर, म्हणजे शिबिराचे प्रशिक्षक, शिट्टी वाजवून ओरडत, “चेंडू आहे असं समजा आणि मारा!” बेचाळीस काठ्या एकदम हवेत फिरत. “आता चेंडू गोलात गेला असं समजा आणि आनंद करा!” बेचाळीसजण उड्या मारत. ससे यात फार तरबेज होते.

एकदा शेजारचा ससा झिपरूवर डाफरला, “माझा पास का अडवलास?”

“कुठला पास?”

“आत्ता दिला तो!”

झिपरूनं माफी मागितली. काय करणार? दिला असेलही.

अस्वलसरांना हे सगळं पटत नसे. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं होई आणि ती बाई करत. म्हणून ते मध खात आणि गप्प बसत.

झिपरूनं एकदा मात्र धीर केला. शेपटी फुगलेली असतानाच तो बाईंच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिला.

“बाई, मुख्य संघात कधी घेणार?”

“जागा झाली की, बाळ.”

“जागा कधी होईल?”

“गवादादा थकले की.”

“ते थकलेत, बाई.”

“मोठ्यांबद्दल असं बोलू नये,” बाई म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

गवादादा म्हणजे संघाचा कर्णधार. अठरा वर्षं खेळत होता. एके काळी त्याच्या फटक्यानं बेलफळाचे दोन तुकडे व्हायचे. आता त्याला लांबचं दिसत नव्हतं, आणि जवळचंही फारसं नव्हतं. त्याच्या पाठीवर एक बगळा बसून चेंडूची दिशा सांगे.

“डावीकडं, दादा!”

“कुणाच्या डावीकडं? तुझ्या की माझ्या?”

“दादा, मी तुमच्याच पाठीवर आहे!”

“पण तोंड कुठं करून बसलायस?”

एवढं ठरेपर्यंत चेंडू तिसरीकडंच गेलेला असे.

तरी मंडळाला चिंता नव्हती. बाई पाहुण्यांना अभिमानानं सांगत, “आमच्याकडं बेचाळीस उदयोन्मुख आहेत. नदीपल्याडच्या रानात विचारा. एकसुद्धा नाही!”

आणि हे अगदी खरं होतं.

असं करता करता झिपरूचं यादीतलं पाचवं वर्ष संपत आलं. नियम असा होता, की पाच वर्षं झाली की उदयोन्मुखाला ‘माजी उदयोन्मुख’ करायचं. त्यांची वेगळी यादी होती. ती फार लांब होती, आणि ती कुणी वाचत नसे. यादी बदलायला दोन दिवस उरले होते, तेव्हाच पल्याडच्या रानाशी मोठा सामना आला.

तळं आटून झालेल्या मैदानावर सगळं जंगल जमलं. बेचाळीस उदयोन्मुख मंडपात, सावलीत, रांगेनं बसले. शालींचा ढीग शेजारी होता. झिपरूची काठी त्याच्या मांडीवर होती. सत्काराला काठी कशाला, असं कुणीतरी म्हणालंही.

पल्याडचा संघ बघून मात्र तो चकित झाला. त्यांची कर्णधार होती पाणमांजर, जेमतेम झिपरूच्या वयाची. तिचे निम्मे खेळाडू तर त्याच्याहून लहान होते. एक भेकराचं पोर होतं, त्याचे पाय अजून एकमेकांत अडकत होते. ते पडलं. उठलं. पुन्हा पडलं. कुणी धावत आलं नाही, कुणी दृष्ट काढली नाही. तिसऱ्यांदा उठल्यावर त्यानं गोल केला.

मध्यंतराला पल्याडचे पाच गोल झाले होते. आपले शून्य. त्यातच आपल्या संघातल्या सांबराची शिंगं पळसाच्या फांदीत अडकली, ती निघेनात. राखीव खेळाडू एकच, रानडुक्कर. तो चिखलात झोपला होता आणि उठवायला गेलेल्यांनाही आता तिथं गार वाटू लागलं होतं.

अस्वलसर मंडपात आले. त्यांनी मधाचं पोळं खाली ठेवलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

“बाई, झिपरूला उतरवतो.”

“काय बोलताय सर! इतका गुणी पोरगा. त्याला खेळवून वाया घालवायचा?”

“परवा तो माजी होणार आहे, बाई.”

“म्हणजे अजून दोन दिवस आहेत त्याला! ते तरी सुखानं जाऊ देत.”

सरांचा हात पुन्हा पोळ्याकडं निघाला. तेवढ्यात कुणीतरी अगदी बारीक आवाजात बोललं.

“मला खेळायचंय.”

मंडपात सगळे इकडंतिकडं बघू लागले. झिपरूचा आवाज फारसा कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळं तो त्याचा आहे हे कळायला वेळ लागला.

घोरपडबाई खुर्चीसकट त्याच्याकडं वळल्या. “बाळ, नीट ऐक. एकदा खेळलास की तू उदयोन्मुख राहत नाहीस. नाव आजच यादीतून जाईल. माजीच्या यादीतसुद्धा येणार नाही. शाल नाही, नारळ नाही, सकाळचं अंडं नाही. सगळं जंगल आज म्हणतंय, झिपरू मोठा खेळाडू होणार. खेळलास की त्यांना कळेल, की तू केवढा आहेस. चालेल तुला?”

झिपरू जागीच घुटमळला. कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. पाच वर्षं तो जंगलातला सगळ्यांत चांगला खेळाडू होता, आणि हे ज्या कारणानं शक्य झालं होतं, ते त्याला आता दिसत होतं. गर्दीत त्यानं आईला शोधलं. आई बरगडीवर हात ठेवून उभी होती.

“अंड्याचं मी बघते,” ती तिथूनच ओरडली. “जा तू!”

झिपरू उतरला.

पहिला चेंडू त्याच्याकडं आला. त्यानं झोकात काठी फिरवली. इतकी सुंदर, की ससे वाहवा करू लागले. पण बेलफळ वीतभर बाजूनं निघून गेलं. बिळापाशी तो बेलफळ ठेवून मारी; चालून आलेला चेंडू मात्र पाच वर्षं समजूनच मारलेला, ती सवय एका क्षणात कशी जाणार? मैदान खोखो हसलं. झिपरूला वाटलं, जमिनीत बीळ करून आत जावं. बीळ करता येत असूनही त्यानं केलं नाही.

दुसरा चेंडू त्यानं बरोबर पकडला आणि गवादादाला दिला. “समोर आहे, दादा, समोर!” बगळा किंचाळला. गवादादानं वळून जोरदार फटका मारला. बेलफळ आपल्याच गोलात गेलं. सहा-शून्य.

तिसऱ्या वेळी झिपरूनं कुणालाच दिला नाही. नाक जमिनीला लावून तो निघाला. भेकराच्या पोटाखालून गेला, पाणमांजरीला धूळ दाखवली, आणि समोर फक्त दोन वारुळं राहिली. त्यानं मारलं. वारुळांच्या मधून बेलफळ पार करवंदीच्या जाळीत गेलं.

सहा-एक.

त्यानंतर एकदा मोकळा गोल समोर असताना त्याचा फटका वारुळावर बसला आणि वाळवीनं नव्यानं तक्रार केली. मग शिट्टी वाजली.

जंगल घरी निघालं. जाताजाता सगळे हळहळत होते.

“एवढं नाव होतं पोराचं. आणि एकच गोल?”

“मी तर ऐकलं होतं, तो डोळे मिटून दहा करतो म्हणे.”

“शिबिरात काय छान खेळायचा! खेळवून बिघडवला त्याला.”

बाईंनी डोळे पुसत यादीतलं सातवं नाव खोडलं. मग मुख्य संघाची यादी उघडली. तिथं जागा नव्हती. गवादादा पुढच्या वर्षीही होताच.

झिपरू आटलेल्या तळ्याच्या काठावर एकटाच बसला होता. पाणमांजर काठी खांद्यावर टाकून त्याच्याजवळ आली.

“दोनदा चुकलास,” ती म्हणाली.

“हो.”

“सवय नाही का?”

“उदयोन्मुख होतो,” झिपरू पुटपुटला.

“ते काय असतं?”

त्यानं समजावून सांगितलं. तिला कळायला बराच वेळ लागला. “आमच्याकडं असलं काही नाही बाबा. लहान असतात ते खेळतात. मोठे झाले की चांगलं खेळतात. पहिल्या वर्षी आम्ही कुणी चुका मोजत नाही, एवढे आकडे कुणाला येतात? गुरुवारी सामना आहे. येतोस?”

“मी पल्याडचा नाही.”

“पोहता येतं ना?”

झिपरूला पोहता येत होतं. आईलाही येत होतं. गुरुवारी दोघं पल्याड गेली. पहिल्या वर्षी झिपरू इतका चुकला, की पल्याडच्या भेकरालाही त्याची कीव आली. दुसऱ्या वर्षी कमी चुकला. तिसऱ्या वर्षी तो आपल्याच जुन्या जंगलाविरुद्ध उतरला आणि त्यानं सात गोल केले. गवादादानं बगळ्याला विचारलं, “कोण आहे रे हा? याला आपल्या यादीत घ्यायला पाहिजे.”

आता तुम्हाला वाटेल, मंडळाला लाज वाटली असेल. छे! दुसऱ्याच दिवशी जंगलाच्या वेशीवर मोठा फलक लागला : ‘आमच्या शिबिरात घडलेला, आमचा झिपरू.’ मोठी सभा झाली. घोरपडबाईंनी भाषण केलं. त्या म्हणाल्या, “झिपरूला आपण पाच वर्षं मैदानापासून जपलं, म्हणून तो आज एवढा ताजा आहे. याचा अर्थ आपली पद्धत बरोबर आहे. मात्र पाच वर्षं थोडी कमी पडली, म्हणूनच तो पल्याड गेला. यापुढं मुदत आठ वर्षं.”

यादीतल्या सगळ्या उदयोन्मुखांनी टाळ्या वाजवल्या. अस्वलसरांनीही वाजवल्या, पण पोळं हातात असल्यामुळं आवाज आला नाही.

सभेचं आमंत्रण झिपरूलाही होतं. तो आला नाही. त्या दिवशी त्याचा सामना होता.

तात्पर्य : मुलांनो, अंगात गुण असतील तर ते जपून ठेवावेत, वापरू नयेत. वापरले की ते किती आहेत हे सगळ्यांना कळतं आणि मग मंडळाला तुमच्याकडून आशा ठेवता येत नाही. आणि खेळायचंच असेल, तर आधी पोहायला शिकावं.