दोन धक्क्यांच्या तहाची हकीकत

श्री जलदेवता साक्ष. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, माघमासी एका बंदरात दोन धक्क्यांचा तह जाहाला, त्याची हकीकत जैसी पाहिली ऐकिली तैसी लिहितो. बंदर एक, खाडी एक, वारा एक. परंतु उत्तर धक्का एका धन्याचा आणि दक्षिण धक्का दुसऱ्याचा, आणि मध्ये तारेचे कुंपण, आणि एकाचे जहाज दुसऱ्याने पळवावे हाच नित्याचा उद्योग. पूर्वी सारे एकच संस्थान होते, तेव्हा हिराजीराव घरत आणि दामाजीराव भोईर हे जहाजांचे दोर बांधणारे दोघे गडी एका डब्यात जेवीत. मग वाटणी जाहाली आणि हिराजीराव दक्षिणेस राहिले आणि दामाजीराव उत्तरेस गेले, आणि दोघेही म्हणू लागले की दुसऱ्याने आपणास सोडिले. पुढे दोघे आपापल्या धक्क्याचे मुकादम जाहाले. मोबाईल दोघांचे खिशी असे, परंतु आधी फोन कोणी करावा हा मानाचा प्रश्न पडला, आणि मान मोठा वाईट, तो पोटास घालीत नाही आणि झोपही येऊ देत नाही. हिराजीरावांस मित्राची फार आठवण येई. रोज कुंपणापलीकडे पाहात, दामाजीराव दुरून नजरेस पडले म्हणजे मग कामास लागत.

ऐसियात एक महाजहाज येऊ घातले, ते एकट्या धक्क्यास मावेना, आणि न घ्यावे तर शेजारचे बंदर टपलेले. तेव्हा दोन्ही धनी नाइलाजे एका मेजाशी बसले आणि मसलत ठरली की अर्धे जहाज उत्तरेस, अर्धे दक्षिणेस बांधावे आणि ज्याने त्याने आपले क्रेनने कंटेनर उतरवावे. दोर दोन्ही मुकादमांनी मिळून बांधायचे, हे ऐकून हिराजीरावांनी त्या दिवशी ठेवणीतला सदरा काढिला. जहाज आले, बांधिले, दोन धन्यांचे दोन नारळ फुटले, आणि उतरवू लागले तो कंटेनरांची मधली रांग तैसीच राहिली. कारण काय, तर दोन्हीकडच्या मोजणीदारांनी आपापले हद्दीपर्यंतच मोजिले होते, कुंपण कोणीच मोजिले नव्हते, आणि त्यासमोरची रांग कोणाचेच क्रेनास पोचेना. जहाज थोडे सरकवावे तर कोणीकडे? ज्याचेकडे सरकेल त्याचे नावे ते कंटेनर लागतील. धनी थंडगार दालनात भांडत बसले, आणि कप्तान म्हणू लागला की भरती आहे तोवर ठरवा, न ठरल्यास तैसाच निघतो.

मग हिराजीराव धन्यास न विचारता दोरापाशी गेले, कप्तानास खूण करून त्याची मान होकारार्थी हललेली पाहिली, आणि इतक्या वर्षांनी कुंपणापलीकडे हाक घातली, "दामा, मी ढील देतंय. तू फुडच्या खुंट्याला घे."

दामाजीरावांनी घेतले. जहाज उत्तरेस सरकले, रांग उतरली, कंटेनर उत्तरेचे नावे लागले आणि दक्षिणेचे धन्यांनी हिराजीरावांस सर्वांदेखत फैलावर घेतले. ते मुकाट ऐकून आले आणि कुंपणापाशी उभे राहिले. पलीकडून दामाजीरावही आले. मग दामाजीराव बोलिले, "वैनी कशी हाय?"

हिराजीरावांनी दोराने सोललेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "ती ग्येली, दामा. चार वरसां झाली."

दामाजीरावांनी तार धरिली आणि तेथेच खाली बसले. मग हिराजीरावही आपले बाजूस बसले. पहारेकरी उठवावयास आला आणि न उठविता गेला.

सारांश, तह टिकला, दरबारी मोठे यश लिहिले गेले आणि दोन्हीकडचे क्रेनचे रूळ जोडावयाचे काम चालू जाहाले. समुद्रापारचा माल या बंदरी बिनचूक येतो; एका बाईच्या मरणाची खबर मात्र तारेच्या पलीकडे गेली नाही. कुंपणास दार असावे ऐसे कलम तहात नाही. ते कोणीतरी घालावे, ऐसे लिहिणाराचे मनी फार आहे. येणेप्रमाणे जाहाले ते लिहिले.