डोक्यावरचा पुरावा

तुम्ही चोर आहात. साधे नाही, शिक्का मारून चोरी करणारे. एका म्हातारीचा नवरा तुम्ही तिच्या डोळ्यांदेखत कुंपणापलीकडे नेलात, तोही मेलेला, आणि वर तिलाच म्हणालात की बाई, तुम्ही अजून लहान आहात. तुमचं नाव काय, याने फरक पडत नाही. उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसेल आणि तोही हेच करील.

म्हातारीचं नाव नांतेझा. वय चौऱ्याऐंशी. पाठ कमानीसारखी वाकलेली, तोंडात दात उरलेत ते एकमेकांना ओळखही देत नाहीत इतके लांब लांब, आणि उठताना गुडघे जुन्या दारासारखे कुरकुरतात. आमच्या मसाका शहराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत तिची केळीची बाग आहे. बागेच्या वरच्या कोपऱ्यात तिचा नवरा झीवा पुरलेला आहे आणि त्याच्या शेजारी तिने स्वतःपुरती जागा राखून ठेवली आहे. ऐकणाऱ्यांनो, तुम्ही नीट डोळ्यांपुढे आणा तिला. पुढे लागेल.

शेजारच्या कबुयेने विटांची भट्टी काढली. त्याच्याकडची माती संपत आली तसं त्याचं कुंपण रांगायला लागलं. एका सकाळी नांतेझा थडग्यावरचं गवत उपटायला गेली, तर थडगं तारेच्या पलीकडे. खरं तर हद्दीवर ‘मुलामुला’ नावाची झुडपं होती. आमच्याकडे हद्दीला तीच लावतात, कारण ती कापली तरी मरत नाहीत. ही झुडपं झीवाच्या बापाने लावली, तेव्हा नव्या नवरीने, म्हणजे नांतेझानेच, त्याच्या हातात एकेक रोप दिलं होतं. त्या दिवशी तिथे असलेले बाकी सगळे आता मातीखाली होते. साक्षीदार उरली एकटी ती.

तालुक्याच्या कचेरीत कलिबाला साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोक्यावरचं फडकं काढा."

"का बरं, साहेब?"

"वयाची खातरजमा."

तिने फडकं सोडलं. नांतेझाचे केस काळेभोर होते. एक पांढरा केस नाही. तिची आई काळ्या केसांनीच मेली, आजीही तशीच. झीवा हयात असताना म्हणायचा, "तू मला पुरून उरशील, आणि लोक तुला माझी नात समजतील."

कलिबाला साहेबांनी भिंतीवरच्या नव्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. मजकूर असा होता : जुन्या माणसांकडे जन्माचे दाखले नसतात, त्यामुळे कोणीही उठतो आणि मी ते पाहिलं म्हणतो. सबब, गतकाळाचा साक्षीदार म्हणून ज्याच्या डोक्यावरचे निम्म्याहून अधिक केस पांढरे असतील तोच ग्राह्य धरण्यात यावा. माणूस खोटं बोलतो, केस बोलत नाहीत.

"माझी सहा बाळंतपणं झाली, साहेब. नातवंडांची लग्नं झाली."

"बाळंतपणाचा केसांच्या रंगाशी संबंध असल्याचं शासनाच्या निदर्शनास आलेलं नाही."

"मग ती झुडपं तरी बघायला चला. केवढी झालीत."

"झुडपं मी पाहिली," साहेब म्हणाले. "हिरवी आहेत. त्यांचंही वय सिद्ध होत नाही."

तेवढ्यात कबुयेने आपला साक्षीदार पुढे केला. हा स्साली, मोटारसायकलवर माणसं आणि केळीचे घड वाहणारा. वय बत्तीस, पण विशीतच त्याचं डोकं कापसासारखं पांढरं झालेलं. मामाकडून आलं होतं ते. कबुयेच्या विटा वाहून त्याचं पोट भरत होतं, त्यामुळे त्याला साक्षही वाहावी लागली. मान खाली घालून तो म्हणाला, "साठ वर्षांपूर्वी मी तिथे हजर होतो. हद्द बागेच्या त्या वरच्या कोपऱ्याच्या खाली होती."

"स्साली," नांतेझा म्हणाली, "तुझी नाळ मी कापली रे."

"बाई," कलिबाला साहेब कडाडले, "ज्येष्ठांशी बोलताना मर्यादा ठेवा. तुम्ही अजून त्यांना नमस्कारही केलेला नाही."

आमच्याकडे बाईने वडीलधाऱ्याला गुडघे टेकून नमस्कार करायचा असतो. नांतेझाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा स्सालीकडे, आणि खुर्चीचा पाय धरून, गुडघे कुरकुरवत, ती खरोखरच खाली बसली.

"बरे आहात ना, काका?"

स्साली तिला उठवायला पुढे धावला. "आजी, उठ ना. असं करू नकोस, मला पाप लागेल."

"असं कसं? साहेब म्हणतात तू माझ्याहून मोठा. हाडं शेकायला रात्री विस्तव घेत जा, काका. थंडी बाधते या वयात."

सगळी कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं की अर्जदार बाईंनी साक्षीदाराचं ज्येष्ठत्व सर्वांसमक्ष मान्य केलं.

मग नांतेझा बिरुंगीच्या दुकानात गेली. बिरुंगी बाजारात बायकांच्या वेण्या घालते आणि पुरुषांचे केस काळे करते. पण त्या दिवशी दुकानात उलटी गंगा वाहत होती. बाकावर तरणेताठे गडी रांगेने बसले होते आणि सगळ्यांना पांढरं व्हायचं होतं. परिपत्रक गावभर झालं होतं. पांढरं डोकं असेल त्याची साक्ष चालते, आणि साक्ष चालते त्याला बोलावून मटण वाढतात. एकजण तर आपल्या बापाच्या लग्नाला हजर असल्याची साक्ष देऊन आला होता.

"मलाही पांढरं कर," नांतेझा म्हणाली.

बिरुंगीने हात पुसले. "आजी, गावातल्या बायका मला म्हणतात, नांतेझासारखे केस करून दे. आणि तू हे घालवायला निघालीस?"

"केस ठेवून काय करू? नवरा पलीकडे गेलाय."

बिरुंगीने केसांचा रंग उडवायचं औषध लावलं. टाळूची आग आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण डोकं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी नांतेझा ऐटीत कचेरीत गेली, तर भिंतीवर पहिल्याच्या शेजारी दुसरं परिपत्रक. पांढऱ्या केसांचा सुळसुळाट झाल्यामुळे यापुढे केवळ नैसर्गिक केस ग्राह्य. संशय आल्यास संबंधिताचं डोकं भादरण्यात येऊन, उगवेल तो रंग अंतिम मानण्यात यावा.

संशय फक्त तिचाच आला. कचेरीच्या अंगणात, आंब्याखाली, तिचं डोकं भादरलं. आमच्याकडे नवरा मेल्यावर बाई डोकं भादरते. नांतेझाने ते झीवासाठी एकदा केलं होतं. आता दुसऱ्यांदा झालं, त्याच नवऱ्यासाठी. केस उगवेपर्यंत कबुयेचे मजूर खणत राहिले. खड्डा थडग्यापासून हातभर उरला.

केस उगवले. काळे.

केसांचा रंग ठरवायला तज्ज्ञ हवा, म्हणून बिरुंगीला बोलावलं. तिने नांतेझाचं डोकं उजेडात धरून पाहिलं.

"नैसर्गिक आहेत, साहेब. कोणाचे विशीत पिकतात, कोणाचे मरेपर्यंत नाहीत. आईबापाकडून येतं ते. वयाशी त्याचं जुळेलच असं नाही."

"परिपत्रकात आईबापाचा उल्लेख नाही," साहेब म्हणाले. "काळे, एवढंच सांगा."

"काळे."

"आता साहेबांचं बघ," नांतेझा म्हणाली.

कचेरीत कोणीतरी खोकलं. कलिबाला साहेबांचे केस बुटाच्या पॉलिशसारखे चमकत होते. निवृत्तीचं वय त्यांच्या दाराशी येऊन गेलं होतं, पण त्याला आत कोणी घेतलं नव्हतं. बिरुंगी साहेबांकडे बघत राहिली. दुकानाचा परवाना साहेबांच्याच सहीचा होता.

"साहेबांचेही नैसर्गिक आहेत," ती म्हणाली. "दर शनिवारी मीच करते ते नैसर्गिक."

खिडकीत उभे असलेले लोक हसून हसून एकमेकांवर पडले. साहेबांनी हातोडा आपटला. सदर परिपत्रक साक्षीदारांना लागू असून अधिकाऱ्यांना नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि निकाल वाचला.

केसांवरून बाईंचं वय फार तर पस्तीस. झीवाला जाऊन चाळीस वर्षं झाली. म्हणजे बाईंच्या जन्माआधीच तो वारला होता. न जन्मलेल्या मुलीशी विवाह होऊ शकत नाही, सबब बाई त्याची विधवा नाही. तथापि शासन कोणावर अन्याय करत नाही. बाईंचे केस पांढरे होताच त्यांनी पुन्हा अर्ज करावा. तोवर जमीन कबुयेकडे राहील.

त्या रात्री स्साली तिच्या अंगणात येऊन बसला. मग म्हणाला, "आजी, माझं डोकं तुला देता आलं असतं तर दिलं असतं."

"डोकं राहू दे तुझं," ती म्हणाली. "ती तार तेवढी वर उचलून धरत जा सकाळी. मला वाकून जायला बरं पडतं."

आता तो रोज सकाळी तार उचलतो, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची, म्हणजे कचेरीच्या हिशेबाने पस्तिशीची, नांतेझा खालून सरपटत आपल्या नवऱ्याकडे जाते. खड्ड्याच्या कडेशी बसून गवत उपटते. आरशात मात्र रोज बघते, एखादा तरी पांढरा झाला का म्हणून.

कलिबाला साहेबांना मी विचारणार नाही. ते उत्तर देणार नाहीत, त्यांचा शनिवार जवळ आलाय. मी तुम्हाला, हे ऐकणाऱ्यांना, विचारतो. सुरुवातीला मी तुम्हाला या म्हातारीची पाठ सांगितली, दात सांगितले, गुडघे सांगितले. केसांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. तरी तुम्ही तिला केस दिलेत. कोणत्या रंगाचे दिलेत? आणि कोणत्या परिपत्रकावरून? सांगा.