पायवाले नाना

नाना शेडग्यांनी माझं तोंड पहिल्यांदा कधी पाहिलं, हे मला सांगता येणार नाही. पाय मात्र त्यांनी पहिल्याच मिनिटात पाहिले.

मी तासगावजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे साताऱ्यात खोली कशी मागायची असते हे सांगणारं कुणी नव्हतं. गुण विचारतील अशा समजुतीनं मी एस.एस.सी.चं गुणपत्रक घडी करून खिशात ठेवलं होतं. ओट्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे मी ते धरलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"चपला काढ."

मी काढल्या.

"आता त्या खांबापातूर चाल. तसाच. माघारी फीर."

मी फिरलो. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं माल घ्यायचं सोडून माझ्याकडे बघत होती. नानांनी माझी चप्पल उलटी करून तळ निरखला आणि आत हाक दिली, "आगं, खोली दिली गं! पोरगं सरळ चालतंय."

नाना लष्करातून हवालदार होऊन आलेले. तिथं ते दवाखान्याच्या तुकडीत होते आणि जवानांचे पाय तपासणं हे त्यांचं मुख्य काम. "बंदूक कितीबी मोठी आसू दे," ते म्हणत, "ती न्यायला पायच लागत्यात." निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं मांडलं जाई आणि पेठेतली माणसं पाय घेऊन येत. कुणाला कुरूप, कुणाला भेगा, कुणाच्या बोटांत चिखल्या. मेढ्याकडची डोंगरातली माणसं बाजाराला आली की आधी नानांकडे येत आणि मग बाजाराला जात. नाना पैसे घेत नसत. त्याऐवजी बोलणी ऐकवत.

त्यांचा लष्करी हिंदीतला मंत्र होता, "पांव साफ, पांव सूखा, नाखून सीधा." नखं कोपऱ्यात गोल कापणारा माणूस त्यांना दरोडेखोराहून वाईट वाटे. मुरगळलेला घोटा चोळून घेऊन कुणी आलं, की त्यांचा आवाज चौकापर्यंत जाई. "चोळलं कुणी ह्येला? पाय हाय का कणीक? वर उशीवर ठिवा, गार फडकं गुंडाळा आन् गप पडा!"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "सकाळी ती डावी चपटी आली हुती," असं ते म्हणाले, की समजायचं, शाळेचे हेडमास्तर येऊन गेले. मी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'रुंद पंजा' राहिलो. त्या वर्षी कॉलेजात बेलबॉटमची लाट होती. नानांना तो आपल्याविरुद्ध रचलेला कट वाटे. "दडवायचं काय हाय एवढं?" असं म्हणत ते वाटेनं जाणाऱ्या पोरांच्या विजारी काठीनं वर करून बघत. एकदोघांशी यावरून भांडणंही झाली.

त्यांचे सगळेच उपाय बरोबर ठरत असं मात्र नाही. कचेरीतल्या एका कारकुनाला नवे बूट चावत होते. नाना म्हणाले, "रातभर ओले हरभरे भरून ठिवू. फुगलं की बूट सैल हुतोय." हरभरे फुगले. बूट मात्र सैल होण्याऐवजी शिवणीतून फाटला. कारकून रडकुंडीला आला. नाना शांतपणे म्हणाले, "हरभरा लय चांगल्या जातीचा निघाला." त्या हरभऱ्यांची उसळ आपल्या ताटात येणार नाही, याची मी काकींकडून खात्री करून घेतली.

काकी म्हणजे नानांची बायको. नऊवारी नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, आणि मी भात कमी घेतला तर रागावणाऱ्या. त्यांना साखरेचा आजार होता. माझ्या दुसऱ्या वर्षी त्या जरा लंगडू लागल्या. आणि इथं सगळी पंचाईत होती. ज्या माणसानं अर्ध्या साताऱ्याचे पाय मांडीवर घेतले, त्याला बायकोच्या पायाला हात लावायची परवानगी नव्हती.

"नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा नसतूय," काकी म्हणत. "मला नरकात जायचं न्हाई."

"आगं, मग दवाखान्यात चल."

"आणि त्यांनी बोट कापलं म्हंजे? माझ्या थोरल्या जावंचं कापलं. नगं."

मग नानांनी युक्त्या सुरू केल्या. ठसे बघायला स्वयंपाकघराच्या दारात पीठ सांडलं. काकींनी ठसा उमटायच्या आत ते झाडून टाकलं आणि पीठ वाया घालवल्याबद्दल नानांना झाडलं ते वेगळंच. नव्या चपला आणल्या, मापाला पाय पुढे करावा लागेल म्हणून. काकींनी त्या दाराआड घालून पाहिल्या आणि "बसल्या" एवढंच आतून सांगितलं.

शेवटी नानांची नजर माझ्यावर गेली.

"रुंद पंजा, तू तिला ल्येकासारखा. तू पाया पडलास तर नरक न्हाई, उलट पुण्यच."

मला ते फसवणुकीसारखं वाटलं. पण काकींचं लंगडणंही बघवत नव्हतं. मी रोज सकाळी नमस्कार करू लागलो आणि वाकल्या वाकल्या जमेल तेवढं पाहू लागलो. काकींना संशय आला. "काय रं, रोज रोज पाया? परीक्षा हाय, का नापास झालास?"

एका सकाळी मी जास्त वेळ वाकलो. उजव्या पायाच्या करंगळीच्या कडेला काळपट जखम होती, ओली. नमस्कारात माझं बोट तिला लागलं. मीच दचकलो. काकी तशाच उभ्या होत्या.

नानांनी मला ओट्याच्या कडेला नेऊन विचारलं, "लाल हाय का काळं?"

"काळं."

"हात लागल्यावर वरडली?"

"नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही."

"दुखत न्हाई, हेच वंगाळ हाय," नाना म्हणाले. "साखरंच्या माणसाचा पाय आसाच जातोय. गुपचूप."

आत जाऊन त्यांनी आवाज चढवला नाही. विनवणीच केली. "आगं, लग्नात तुझा अंगठा धरून पाट्यावर ठिवला हुता का न्हाई मी? तवा नरक कुठं गेला हुता?"

"तवा भटजींनी सांगितलं हुतं."

नानांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. परतले ते भटजींना घेऊनच. या भटजींच्या टाचांच्या भेगा नानांनी कोकमतेल लावून लावून बऱ्या केल्या होत्या. भटजी म्हणाले, "शास्त्रात तसं पाहिलं तर..." नानांनी त्यांच्या टाचांकडे नुसतं पाहिलं. भटजी घाईनं म्हणाले, "दुखण्यात दोष नाही. पाय धरा."

"मंत्र म्हणा मग," काकी म्हणाल्या.

भटजींनी मंत्र म्हटला. कुठला, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळला असेल असं वाटत नाही.

पाय वाचला, हे आताच सांगून टाकतो. बोट कापू देणार नाही असं नानांनी कबूल केल्यावर दुसऱ्या दिवशी काकी दवाखान्यात गेल्या, बोटही राहिलं, पट्टी मात्र पुढे बरेच दिवस नाना करत होते. पण मला आठवते ती पहिल्या दिवसाची दुपार.

काकी पाटावर बसल्या, तोंड भिंतीकडे, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. पाणी त्यांना चटका देईल का, हे त्यांना कळणार नव्हतं, म्हणून नानांनी ते आपल्या कोपरानं तपासलं. मग पाय दोन्ही हातांत घेतला. जखम धुतली. धुता धुता त्यांचा हात घोट्यावर थांबला. तिथं जुना लांब व्रण होता.

"हे कवाचं?"

"ऊस तोडताना. तुमी तिकडं नेफात, सरहद्दीवर हुता."

नानांनी पाय जरा वळवला. तळव्याच्या मधोमध पांढरी, आत गेलेली खूण होती.

"आन् हे?"

भटजी आपलं उपरणं सारखं करत बसले.

"काच घुसली हुती. पोरीला घिऊन दवाखान्यात पळाले तवा. पायात काय घालायचं सुचलं न्हाई."

त्यांना मूल झालंच नव्हतं, असं मी तोवर समजत होतो.

"मला कळवलं न्हाईस," नाना म्हणाले.

"कळवलं हुतं की. पोरगी गेल्याचं." काकींनी तोंड भिंतीकडेच ठेवलं होतं. "काचंचं काय कळवायचं?"

भटजी उठले आणि निरोप न घेताच हळूच बाहेर पडले. नानांनी तो पाय मांडीवर घेतला आणि स्वच्छ फडक्यानं टिपायला लागले. पाय कोरडा झाला, तरी ते टिपतच होते.